बशीत वाजणारा बेडूक

फिरता प्रवचनकार ब्रदर ऑर्मंड याने कॉफीच्या डब्यातून बेडूक काढला आणि चिनी मातीच्या बशीत वरून सोडला. टण्ण. खडा पडावा तसा आवाज आला आणि तंबाखूच्या कोठारात प्रार्थनेला जमलेली माणसं श्वास रोखून पुढे झुकली.

"हात लावा," तो म्हणाला. "ज्याला शंका आहे त्याने आधी लावा. डोळे मिटून माना असं सांगणाऱ्यातला मी नाही."

बशी बाकांवरून फिरली. बेडूक अंगठ्याच्या नखाएवढा, तपकिरी, पाठीवर फुलीची खूण. हिवाळा सरता सरता खोऱ्यातल्या पाणथळीत हजारोंनी शिट्ट्या मारतात ते हेच. पाय पोटाशी आवळलेले, डोळे दुधाळ, कातडीखाली बर्फ. खाणीत काम करणाऱ्या क्लीटसने तो नखाने ठोकून पाहिला.

"मेलाय," तो म्हणाला. "माझी सासूसुद्धा एवढी थंड नव्हती."

लोक हसले. ब्रदरही हसला. गिऱ्हाईक हसलं की अर्धा माल खपला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग प्रवचन सुरू झालं. बशी शेगडीजवळच्या टेबलावर. पाप झालं, थडगं झालं, मध्ये जेवणाची सुट्टी झाली. बायकांनी आणलेल्या घेवड्याच्या शेंगा आणि मक्याचा पाव खाऊन माणसं परत बसली. पुन्हा गाणी, पुन्हा पाप. उन्हं कलली तेव्हा ब्रदरने बेडूक तळहातावर घेतला, फुंकर मारली आणि डोळे आभाळाला लावले. "प्रभू, हा तर तुझा सर्वांत क्षुद्र जीव."

बेडकाचा गळा हलला. मग एक पाय हलला. मग तो ब्रदरच्या बाहीवर चिकटून बसला. कोठारात रडणं फुटलं.

तिसऱ्या बाकावर डेल्फा बसली होती. शेजारी तिची अकरा वर्षांची मुलगी नॅडीन आणि पलीकडे नवरा हॉइट. ब्रदर बेडूक घेऊन सरळ त्यांच्याकडे आला. सावज कुठल्या बाकावर आहे याची चौकशी त्याने आधीच केली होती.

"पोरी, तुला रोज सुई कोण टोचतं?"

"आई. कधी कधी माझी मीच."

"दुखतं?"

"हो."

"दुखणारच. बरं करायचं काम प्रभूचं आणि तुम्ही ते दिलंय एका बाटलीला." तो हॉइटकडे वळला. "बाटली घरात आहे तोवर तो दाराबाहेर उभा आहे, भाऊ. पुढच्या रविवारी ती इथे आणा. सर्वांसमोर दगडाने फोडू. त्या सकाळपासून सुई बंद."

हॉइट उभा राहिला. लाकूडतोड्या माणूस, हात फावड्यासारखे. "आणतो," तो म्हणाला आणि रडू लागला.

डेल्फाला रडू आलं नाही. इन्सुलिन थांबलं की काय होतं ते तिने पाहिलं होतं. आजार कळला त्या वर्षी नॅडीन धापा टाकत होती, तोंडाला सडक्या सफरचंदांचा वास येत होता आणि डोंगरापलीकडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती आईला ओळखेनाशी झाली होती. हे औषध तिच्या शरीरात बनत नाही, डॉक्टर म्हणाला होता. ते बंद केलंत तर मुलगी काही दिवसांत जाईल.

त्या रविवारपासून डेल्फा स्वतःच्या घरात अडकली. ट्रकची किल्ली हॉइटने गळ्यात बांधली. खोऱ्याबाहेर नेणारा ओढ्यावरचा बुटका पूल पुरात पाण्याखाली गेला होता. सासू, जिला अख्खं खोरं मॅमॉ म्हणायचं, आपली उशी घेऊन राहायला आली आणि इन्सुलिनची बाटली तिने ताब्यात घेतली. सुईच्या वेळेला ती बाटली काढायची, झालं की परत घ्यायची. सकाळपासून चर्चमधल्या बायका पाळीपाळीने स्वयंपाकघरात प्रार्थनेला बसत. डेल्फा भांडी घासायला उठली तरी एखादी विचारायची, "कुठं चाललीस, सिस्टर?"

"संडासात. येतेस?"

बोलून सोय नव्हती. "पोरगी मरेल," असं म्हटलं की हॉइट म्हणायचा, "बघ, हेच. तुझ्या या अविश्वासामुळेच ती बरी होत नाही." गप्प बसलं की तो म्हणायचा, "आता समजलं ना." शंका घेतली तरी पुरावा, नाही घेतली तरी पुरावा. असल्या बाबांचा सगळा धंदा याच फासावर चालतो. जितकं ओढाल तितका तो आवळतो.

आणि नॅडीनला स्वतःला हे हवं होतं. एकदा सुई भरताना ती म्हणाली, "आई, आता थोड्याच उरल्या ना?" डेल्फाने टिचकी मारून सुईतला बुडबुडा काढला.

मंगळवारी तिने दाराजवळच्या नाल्यातून तसाच फुलीवाला एक बेडूक पकडला आणि गुपचूप मोठ्या फ्रीझरमध्ये हरणाच्या मांसावर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो दगडासारखा झाला होता. तिने तो चुलीजवळ ठेवला. विरघळला, लोळागोळा झाला आणि संध्याकाळपर्यंत वास मारू लागला.

मॅमॉने ते पाहिलं. "काय करत होतीस?"

"बघत होते उठतो का."

"प्रार्थना केलीस?"

"नाही."

"मग?" मॅमॉ म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. रात्रीच्या जेवणाआधी ही बातमी ब्रदरपर्यंत पोचली. ब्रदरने निरोप पाठवला की सिस्टर डेल्फाने स्वतःच्या हाताने सत्याची साक्ष दिली, तिचे आभार.

आता तिला ओरडावंसंही वाटेना. ती खुर्चीत बसून राहिली.

गुरुवारी पहाटे कडक थंडी पडली. इतके दिवस खिडकीबाहेर घुंगरांसारखा चाललेला बेडकांचा गजर एकदम थांबला. मॅमॉने कॉफी बशीत ओतली, फुंकून प्यायली आणि म्हणाली, "दुसऱ्यांदा गोठले. अजून एकदा गोठू देत, मग वाटाणे पेरू."

खोऱ्यात सगळे असंच पेरायचे. बेडूक ओरडू लागले म्हणून कोणी बी टाकत नसे. थंडीने ते तीन वेळा गप्प व्हायचे आणि तीन वेळा परत ओरडायचे, तेव्हाच जमिनीवर भरवसा ठेवायचा.

डेल्फाने मान वर केली. "मॅमॉ, गोठतात म्हणजे काय होतं त्यांचं?"

"गोठतात म्हणजे गोठतात. पाचोळा उकरताना सापडतात की. खड्यासारखे."

"मग ऊन पडल्यावर ओरडतात ते कोण?"

"तेच. अजून कोण?"

"त्यांच्यासाठी कोण प्रार्थना करतं?"

मॅमॉने बशी खाली ठेवली. मग म्हणाली, "तू मला शब्दात पकडू नकोस." पण तिने परत बशी उचलली नाही.

डेल्फा उठली. प्रार्थनेला बसलेल्या बाईने विचारलं, "कुठं?"

"चूल पेटवायला काटक्या नकोत?"

पाणथळीच्या काठावर वाकड्या झाडांखाली पाचोळ्याचा थर होता. वर हिमाचे कण, खाली ओलसर. हे बेडूक चिखलात खोल जात नाहीत, पानांखालीच पडून राहतात. तिने बोटांनी पानं बाजूला केली. बरेच ढीग रिकामे निघाले. मग एक सापडला, मग आणखी दोन. नखाने ठोकले तर वाजणारे. तिने ते एप्रनमध्ये लपवून आणले, पाव भाजायच्या पत्र्यात ठेवले आणि पत्रा चुलीजवळच्या फळीवर सरकवला. मग ती भांडी घासत राहिली आणि ब्रदर ऑर्मंडच्या सात पिढ्यांना मनातल्या मनात शिव्या देत राहिली. देवाचं नाव तिने एकदाही घेतलं नाही.

नॅडीन खोऱ्यातल्या शाळेतून आली तेव्हा पत्र्यात एक बेडूक डोळे मिचकावत होता.

"हा कुणाचा?"

"आपला. सकाळी मेलेला होता."

नॅडीनने तो हातात घेतला आणि त्याने लगेच तिच्या तळव्यावर मुतून दिलं. ती किंचाळण्याऐवजी हसली. मग हात धुवायला निघालेली पोर मध्येच थांबली. आजारामुळे रोज स्वतःची लघवी तपासायची तिला सवय होती. काचेच्या नळीत थेंब टाकायचे, पाणी टाकायचं, गोळी टाकायची. निळं राहिलं तर साखर नाही, नारिंगी झालं तर खूप आहे.

"तपासू?" ती म्हणाली.

उरलेल्या दोघांनीही जागे होताच आपापला वाटा दिला. ड्रॉपरने थेंब गोळा केले. गोळी नळीत फसफसली. रंग हिरवा झाला, मग मातकट, मग विटेसारखा नारिंगी.

"आई, त्याला पण माझंच आहे."

डेल्फा नळीकडे पाहत राहिली. फ्रीझरमध्ये तिच्या दोन बरण्या होत्या. नुसत्या पाण्याची बरणी तडकली होती. जांभळाच्या मुरांब्यात मात्र चमचा सहज जायचा, कारण त्यात साखर ठासून भरलेली.

"तुझं नाही, बाळा," ती सावकाश म्हणाली. "त्याची ती थंडीतली रजई आहे. अंगाला बर्फ लागला की तो आतून साखर भरून घेतो, मुरांब्यासारखा. मग बर्फ होतो तो बाहेर बाहेर, आतलं काही फाटत नाही. ऊन आलं की उठतो. मी फ्रीझरमध्ये टाकला त्याला साखर भरायला वेळच मिळाला नाही. आणि तिथली थंडी पाचोळ्यासारखी नव्हे, जीवघेणी."

"पण माझ्यात साखर भरली की मी मरते."

"हो. तू बेडूक नाहीस."

नॅडीनने नळी खाली ठेवली. "म्हणजे सुया संपणार नाहीत."

डेल्फाला खोटं बोलता आलं असतं. ब्रदर ऑर्मंड बोललाच होता. "नाही," ती म्हणाली.

पोर रागाने उठून गेली आणि झोपेपर्यंत आईशी बोलली नाही.

रविवारी पहाटे पुन्हा कडक थंडी पडली. सकाळी सुई दिली गेली नाही. हॉइटचा हुकूम होता. कोठार खच्चून भरलं. टेबलावर दगड तयार, बशी तयार. ब्रदरने डबा उघडला आणि बेडूक बशीत वाजवला.

डेल्फा उठून पुढे गेली आणि तिने टेबलावर आपला रुमाल उलगडला. त्यात दोन बेडूक, दोन्ही कडक.

"हा पाचोळ्यातला," ती म्हणाली. "याच्यावर कोणी प्रार्थना करू नका. मी येताना वाटभर याला शिव्या घातल्यात. आणि हा रात्रभर माझ्या फ्रीझरमध्ये होता. हा तुम्ही उठवा, ब्रदर."

"शंकेने मारलेला जीव..."

"मरण ते मरण. तुमच्या प्रभूला फरक पडतो?"

मागून क्लीटस खोकला. ब्रदर गोड हसला आणि प्रवचनात शिरला. तो कितीही बोलला तरी लोकांची नजर बशीवरून रुमालावर जात होती. जेवण झालं, गाणी झाली. प्रवचन नेहमीसारखंच लांबलं, कारण बेडकाला विरघळायला जितका वेळ लागतो तितका वेळ ब्रदरला बोलावंच लागायचं. उन्हं कलली तेव्हा त्याचा बेडूक हलला. त्याच्या थोडं आधी डेल्फाचा शिव्या खाल्लेला बेडूक उडी मारून दगडावर बसला होता. फ्रीझरमधला चिंधीसारखा पडला होता.

"आत्मा ओसंडून वाहतोय," ब्रदर म्हणाला. "शेजारच्यालाही मिळाला."

काही जण आमेन म्हणाले. ब्रदरपाशी प्रत्येक भोकाला ठिगळ होतं. नॅडीनचे गाल लाल झाले होते आणि आजार कळला त्या वर्षीसारखी ती पुन्हा पुन्हा पाणी पीत होती.

हॉइट ते पाणी पिणं बघत होता. तो उठला, टेबलापाशी गेला आणि त्याने कॉफीचा डबा उचलून आत पाहिलं. मग उलटा केला. ओला पाचोळा आणि हिमाचा चिखल टेबलावर पडला.

"ब्रदर," तो म्हणाला, "मेलेल्याला एवढं मऊ अंथरूण कशाला?"

ब्रदर बाहीने चिखल पुसू लागला.

"जंगलात मी रोज पाचोळा तुडवतो. आज रात्री तुमचा बेडूक आमच्या फ्रीझरमध्ये ठेवू. सकाळी तुम्ही उठवा. हवा तेवढा वेळ घ्या. उठला तर बाटली मी दाताने फोडतो."

"परमेश्वराची परीक्षा घेऊ नये."

"परमेश्वराची नाही. तुमची."

"मी त्याला तयार नाही," ब्रदर म्हणाला. आवाजातला मध आटला होता.

मॅमॉ जागेवरून उठली. एप्रनच्या खिशातून तिने बाटली काढली, दगडाला वळसा घालून नॅडीनकडे गेली आणि बाटली पोरीच्या हातात दिली. "मी जन्मभर गोठलेल्या बेडकांवरून वाटाणे पेरले," ती सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आणि या माणसासमोर गुडघे टेकले. माझंच डोकं तपासायला हवं."

डेल्फाने पिशवीतून सुई काढली आणि तिथेच बाकावर भरली. नॅडीनने फ्रॉकची कड वर केली, मान फिरवली आणि म्हणाली, "हळू."

ओढ्याचं पाणी उतरलं होतं; ब्रदर ऑर्मंड त्या रात्री खोरं सोडून गेला. पलीकडच्या खोऱ्यात त्याने डबा पुन्हा उघडला असेल, आणि तिथेही कुणाची तरी पोर आजारी असेलच. म्हणून हे लिहायचं. देव आहे की नाही यावर भांडायचं त्यांनी खुशाल भांडावं. पण कोणी तुम्हाला औषध फेकायला सांगितलं, तर त्याच्या डब्यात हात घाला, तळाशी काय आहे ते बघा, आणि त्याचा चमत्कार त्याच्या जागी नव्हे, तुमच्या जागी, तुमच्या अटीवर करून दाखवायला सांगा. तो नको म्हणाला की उठा आणि पोराला औषध द्या. उशीर करू नका. बेडकाला थांबायला वेळ असतो, माणसाच्या पोराला नसतो.