लाल पट्टीवरचे दोन शब्द

शब्द हे दुधारी शस्त्र आहे आणि ते हाती धरणाऱ्याने डोळ्यांत तेल घालून जागं राहिलं पाहिजे, असं त्याचं ठाम मत होतं. हे मत तो सकाळी अकरापर्यंत पाळायचा. अकरानंतर टेबलावरचा ढीग दिसू लागला की शस्त्र म्यानात जायचं आणि तो चारचौघांसारखा भाषांतरकार व्हायचा. यंत्रांवर चिकटवायच्या सूचना इंग्रजीतून आपल्या भाषेत आणायच्या आणि पावणेसहाची बस पकडायची. ऑफिसात त्याला सगळे 'डिक्शनरी' म्हणत. आदराने म्हणतात, अशी त्याची समजूत होती.

त्या दिवशी साडेअकराला बायकोचा फोन आला.

"अहो, आमच्या धाकट्याला नोकरी लागली!"

"आत्तापर्यंत चार लागल्या. पाचवी कुठे?"

"खवचटपणा नकोय. हॉस्पिटलच्या लाँड्रीत. सोमवारपासूनच जातोय. म्हटलं, आधी चार दिवस टिकू दे, मग तुम्हाला सांगू. चादरी पिळायच्या मशीनवर घेतलंय. नवीन आहे म्हणे, निळं, हे एवढं पिंप! आणि म्हणतो कसा, ताई, त्यावर सगळं आपल्या भाषेत लिहिलंय. मी म्हटलं, तुझ्या भावजींनीच लिहिलं असणार, दुसरं कोण लिहितंय!"

बायको कौतुकाने हसली.

निळं पिंप त्याला चांगलंच आठवत होतं. मशीनवाल्या कंपनीने सूचनांसोबत एक पानभर खुलासा धाडला होता. इंग्रजीतले तीन शब्द, तिघे सख्खे भाऊ, पण एकाचा स्वभाव दुसऱ्याला नाही. पिवळ्या पट्टीवर कॉशन, म्हणजे ऐकलं नाहीत तर खरचटेल. केशरी पट्टीवर वॉर्निंग, म्हणजे ऐकलं नाहीत तर जीव जाऊ शकतो. लाल पट्टीवर डेंजर, म्हणजे ऐकलं नाहीत तर जीव जाईल. 'शकतो' वगैरे काही नाही. जाईल.

हा फरक त्याला इतका आवडला होता की त्याने तो शेजारच्या टायपिस्ट बाईंना दोनदा वाचून दाखवला. मग 'जपून', 'सावधान' आणि 'जिवाला धोका' असे तीन शब्द ठरवले आणि सुवाच्य अक्षरात लिहून समोरच्या फळीला टाचले. कागद अजून तिथेच होता.

प्रत्यक्ष कामाला मात्र त्याने सुट्टीच्या आदल्या दुपारी हात घातला. ऑफिसातल्या कॉम्प्युटरला एक खोड होती. मालक तिला सोय म्हणत. पूर्वी कधी केलेलं भाषांतर तो आपण होऊन पुढे सरकवायचा; पटलं तर एक कळ दाबायची. कुठल्याशा केस वाळवायच्या यंत्राच्या पुस्तिकेतून त्याने 'काळजी घ्या' हे दोन शब्द उकरून आणले आणि पिवळ्याला लावले, केशरीला लावले, लालला लावले. डिक्शनरीने कळ दाबली. एकेचाळीस वेळा दाबली. पावणेसहाची बस मिळाली.

आता त्याने ती फाइल उघडली. लाल पट्टी समोर आली: 'काळजी घ्या. पिंप फिरत असताना आत हात घालू नका.'

"बाई," त्याने विचारलं, "तुम्हाला कुणी 'काळजी घ्या' म्हटलं तर तुम्ही काय करता?"

"मी 'तुम्हीपण घ्या' म्हणते," बाई टायपिंग न थांबवता म्हणाल्या.

बाईंची ही तऱ्हा, तर मेहुण्याचं काय! सासूबाई गेली सव्वीस वर्षं त्या पोराला 'काळजी घे हो' सांगत आल्या होत्या. शाळेत जाताना, दूध आणायला जाताना, गच्चीत कपडे वाळत घालायला जाताना. ते शब्द त्याच्या कानात शिरणंच बंद झालं होतं. तो 'हो हो' म्हणायचा आणि उतारावर सायकलचे दोन्ही हात सोडायचा. अशा माणसापुढे फिरतं पिंप ठेवून त्यावर नेमके आईचेच शब्द चिकटवायचे, ही कामगिरी जगात फक्त सख्ख्या भावजींनाच जमली असती.

त्याने मेहुण्याला फोन लावला. फोन बंद. पुन्हा लावला. बंद.

लाल खडूने त्याने एका कागदावर 'जिवाला धोका' असं ठळक लिहिलं, चिकटपट्टी खिशात टाकली आणि मालकांसमोर उभा राहिला.

"अर्धा दिवस रजा हवी होती. दिलेल्या कामात एक चूक..."

"चूक?" मालकांनी चष्मा काढला. "डिक्शनरी, आपल्याकडे चूक होत नाही. सुधारणा होते. जा आणि सुधारणा करून या. लेखी काही देऊ नका."

बसमध्ये त्याला बसवेना. उभ्याने त्याच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, हात जाऊ शकतो, हात जाईल, हात गेला. बायकोला काय सांगायचं? तीन शब्द मला ठाऊक होते गं, फळीला टाचलेसुद्धा होते?

लाँड्रीच्या फाटकाशी वॉचमन स्टुलावर बसून नखं कापत होता.

"तो नवीन मुलगा कुठंय? पिळायच्या मशीनवरचा?"

"त्याला ड्रेसिंगला नेलंय."

"का?"

"हात," वॉचमन म्हणाला आणि पुढच्या नखाकडे वळला. "रक्त बरंच गेलं बुवा."

ओल्या चादरींच्या ढकलगाड्यांमधून वाट काढत, डिक्शनरी निघाला. फरशीवर लाल थेंब होते. पुढे आणखी. खिशात फोन वाजायला लागला. बायकोचा. तो वाजू देत तो थेंबांमागून चालत राहिला.

कोपऱ्यावरच्या बाकावर मेहुणा बसला होता. डावा हात पांढऱ्याशुभ्र पट्टीत.

"भावजी? तुम्ही इकडे कुठे? ताईने डबा दिलाय का?"

"बोटं हलव."

"अं?"

"बोटं हलव म्हणतो ना!"

मेहुण्याने हलवली. डिक्शनरीने मोजली, पुन्हा मोजली आणि मटकन बाकावर बसला. पाच होती.

"अंगठ्याला दोन टाके पडलेत," मेहुणा म्हणाला. "तुम्ही का पांढरे पडलात?"

"फिरत्या पिंपात हात घातलास ना? खरं सांग."

"फिरत्या पिंपात कोण हात घालेल? मी काय वेडा आहे?" मेहुणा दुखावला. "ते झाकणावर लाल स्टिकर नव्हतं का, बरोब्बर काचेवर चिकटवलेलं. आतलं काही दिसायचं नाही. सुपरवायझर म्हणाले, खरवडून टाक. खरवडताना ब्लेड सटकलं."

"त्यावर काय लिहिलं होतं, वाचलंस?"

"सुरुवात वाचली. म्हटलं, आईच बोलतेय. पुढचं कोण वाचतो?"

डिक्शनरीने खिशातल्या कागदाची घडी चाचपली. तो कागद आता काचेच्या बाजूला लावावा की कसं, याचा त्याने विचार केला.

"आणि झाकण उघडं असलं की ते मशीन चालूच होत नाही," मेहुणा म्हणाला. "पहिल्याच दिवशी मी करून बघितलं."

हे मशीनच्या माहितीपुस्तिकेच्या चौथ्या पानावर लिहिलेलं होतं. भाषांतर डिक्शनरीचंच होतं.