संडासातले तांबडे ओघळ

रंगाऱ्याच्या नाकावर कायमचा राग. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड, चार कढया, सुताच्या लडी आणि पाच माणसं, पण तोरा गिरणीमालकाचा. संडासात तांबडे ओघळ दिसले, तसा तो सगळ्यांसमोर बायकोवर घसरला.

"किती वेळा सांगितलं, रंगाचे हात मोरीत धुवायचे! संडास काय तुझी कढई आहे?"

कामगार फिदीफिदी हसले. ती कमरेवर हात दाबून आत गेली आणि भांडं घासून आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओघळ. मग पठ्ठ्याने दारावर पाटीच लावली, 'मालकीणबाईंनी इथे हात धुऊ नयेत.'

ती सारखी संडासाकडे पळायची, तर म्हणे काम टाळते. डाव्या कुशीत कळ आली की तिला बसवत नसे आणि उभंही राहवत नसे. हा म्हणाला, "नाचायचं तर पलीकडे नाच, लडी तुडवशील." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

गुरुवारी कळ कुशीतून जांघेत उतरली. ती भडाभडा ओकली आणि घामाने भिजून जमिनीवर बसली. तेव्हा कुठे स्वारी घाबरली.

"लघवीला जळजळ होते? लाल होते?" डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं.

"लाल नाही हो, तो रंग," उत्तर यानेच दिलं. "आमचा धंदाच तसला."

"कुठला रंग?" बाई त्याच्या हातांकडे पाहत होत्या.

त्यानेही पाहिलं. हात मनगटापर्यंत निळे होते. तीन आठवडे शेडमध्ये निळ्याशिवाय दुसरी कढई चढली नव्हती. लाल रंगाच्या वीस छटा लांबून ओळखणारा माणूस, आणि घरातलं रक्त त्याला ओळखता आलं नाही. त्याला इतकी लाज वाटली की हात कुठे लपवावेत कळेना.

"किती दिवस झाले?"

"अकरा," बायको म्हणाली.

"मग घरी सांगितलं का नाहीत?"

"सांगणार कुणाला? दारावर पाटी होती."

मूत्रपिंडातून उतरणाऱ्या नळीत खडा अडकला होता. लहान होता, म्हणून गोळ्या आणि भरपूर पाणी. ताप आला किंवा लघवी अडली तर तडक यायचं. लघवी गाळून पाहायची आणि खडा पडला तर आणून दाखवायचा.

घरी येताच त्याने पाटी उखडली. कामगार बघत होते, पण त्याची मान वर होईना. त्याने रंग गाळायचं कोरं फडकं काढलं आणि तिच्यामागे गेला.

"तू पडून राहा. गाळायचं काम माझं."

"नको."

"अगं, माझ्यापुढे कसली लाज? मी काय परका आहे?"

"परक्यापुढे वाटली नसती," ती म्हणाली. त्याच्या हातातून फडकं घेतलं आणि आतून कडी लावली.