फिन्नॉयची दोन वर्षं

कमलिनीबाई एका बेटावर जळायच्या. हे सांगायचं तरी कोणाला?

लग्नानंतर चौथ्या वर्षी श्रीपतीराव नॉर्वेला दोन वर्षं नोकरीला गेले होते. काम स्टाव्हँगरला, राहायला मात्र फिन्नॉय बेटावर. त्याला तीस वर्षं उलटली, तरी टोमॅटो हातात घेतला की म्हणायचे, "फिन्नॉयच्या काचघरातले खायला हवेत!" हिवाळ्यापुरती दोघं आखातात, बिन महमूद भागात, मुलाकडे म्हणजे वरुणकडे आली होती, तर इथेही तेच. नाशिकच्या संसाराबद्दल बोलताना त्यांचे डोळे असे कधी चमकले नव्हते. तिथे कोणी बाई असणार, हे कमलिनीबाईंनी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

एका दुपारी नात अंतराने टॅबवर शोधून सांगितलं, "आजोबा, फिन्नॉय इज नॉट अ म्युनिसिपालिटी एनी मोअर. २०२० मध्ये स्टाव्हँगरमध्ये मर्ज झाली."

"संपलं म्हणायचं!" कमलिनीबाई म्हणाल्या. त्यांना बरंच वाटलं.

श्रीपतीराव टॅबकडे बघत बसले. समोरचा चहा निवला. नाशिकचं घर विकलं तेव्हाही हा माणूस असा बसला नव्हता.

अंतरा खेळायला गेल्यावर कमलिनीबाईंना राहवेना. "अहो, कोण होती ती?"

"कोणी नव्हतं गं."

"मग मला का नेलं नाहीत? बायकोला न्यायची परवानगी नाही म्हणालात."

"परवानगी होती. मीच नको म्हणालो. जन्मापासून माणसांच्या गर्दीत राहिलो. एकदा एकटं राहून बघायचं होतं."

बाई असती तर भांडता आलं असतं. त्या दोन वर्षांत कमलिनीबाई सासूचं पथ्य आणि तान्हा वरुण सांभाळत होत्या. असं काही मागता येतं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन टेबलावर ठेवून त्या निघाल्या. मेट्रोने सूक वाकिफच्या बाजाराशी उतरल्या, चालत समुद्रकाठच्या कॉर्निशवर गेल्या आणि पाण्याकडे तोंड करून बसल्या. कोणाला काही वाढायचं नव्हतं. एक करक चहा प्यायल्या, मग आणखी एक.

अडीच तासांनी परतल्या, तर श्रीपतीराव लिफ्टपाशी उभे.

"कुठे होतीस? कोणाबरोबर?"

"एकटीच."

"एवढा वेळ? काय करत होतीस?"

"काही नाही."

त्यांना ते पटलं नाही. जेवताना दोनदा पुन्हा विचारलं. कमलिनीबाईंनी त्यांच्या पानात भात वाढला.

"उद्याही जाणार आहे," एवढंच म्हणाल्या.