समुद्राकाठची मिओ

तृप्ती जपानहून परत आली, तेव्हापासून तिच्या तोंडी एकच गाव होतं. समुद्राकाठचं, शेकडो वर्षं जुनं. काळ्या लाकडाची घरं, बंदरावर दगडी दीपस्तंभ, आणि मागच्या टेकडीवरून थेट पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या संत्र्याच्या बागा. विज्ञान प्रदर्शनात पहिली आली म्हणून ती गेली होती. तिची मैत्रीण सुचिता दुसरी आली होती, आणि दुसऱ्या नंबरला जवळच्या पांढुर्ण्याच्या पुढं कोणी नेत नाही.

समुद्राचं सुचितानं सोसलं. विमानाचंही सोसलं. पण मिओचं नाव तिला सोसवत नव्हतं. तृप्ती ज्यांच्याकडे राहिली, त्यांची ही मुलगी. मिओ अशी चालते, मिओ अशी हसते. अरे, हसतात तर सगळेच!

रविवारी सुचिताच्या सावरगावच्या बागेत फळांची तोड चालू होती. दोघी संत्र्यांच्या ढिगापाशी बसल्या. तृप्तीनं एक संत्रं सोललं आणि बोलता बोलता सांगून टाकलं, की तिकडच्या बागेत तिनं मिओच्या डोळ्यात साल पिळली.

इकडे पोरं हे करतातच. साल दुमडून समोरच्याच्या डोळ्यापाशी दाबायची, डोळा चुरचुरला की त्यानं दुसरी साल घेऊन मागं धावायचं. पण या दोघींचं पहिलीपासून ठरलेलं होतं, तृप्तीनं पिळायची ती फक्त सुचिताच्याच डोळ्यात.

"मग? तिनं परत उडवली?"

"नाही व. रडाले लागली. तिच्या आईनं डोळे धुऊन दिले, अन् वरून माझीच वाकून माफी मागितली. मले त आताही लाज वाटून राहिली."

सुचिताला आनंद झाला. चांगलाच झाला. तो दिसू नये म्हणून तिनं दोन फोडी एकदम तोंडात कोंबल्या. एवढं जपान पालथं घातलं, पण तिथं काही तृप्तीला दुसरी सुचिता सापडली नव्हती.

तेवढ्यात तृप्तीनं फोन पुढं केला. सकाळीच आलेला व्हिडिओ. मिओ समुद्राकडे पाठ करून उभी होती, हातात सालीचा तुकडा. तिनं तो दाबला, कॅमेऱ्यावर थेंब उडाले आणि ती खदखदून हसली.

सुचितानं व्हिडिओ पाहिला. पुन्हा पाहिला.

"शिकली न?" तृप्ती कौतुकानं म्हणाली.

"काय शिकली? अंगठा कुठं ठेवला पाह्य. अर्धा रस तिच्याच बाहीवर गेला."

तृप्तीनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "सुचिते, तू जळून राहिली काय व?"

"हो. जळूनच राहिली." सुचितानं तोंड पुसलं. "लाव तिले फोन. शिकाचं असंल त नीट शिक म्हणा. तृप्तीले ज्या पोरीनं शिकवलं, ते इथं बसली आहे म्हणा."

तृप्ती हसत हसत फोन लावू लागली. सुचिता तोवर ढिगात हात घालून जाड सालीचं संत्रं शोधत होती.