संदर्भबाबांचं खारट पाणी

नर्सिंग कॉलेजमागच्या झेरॉक्सच्या दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. प्रकल्प जमा करायची वेळ आली होती आणि संदर्भबाबा प्रसन्न होते. विषय सांगायचा, बाबांनी डोळे मिटून तापल्या मशीनवर तळवा ठेवायचा, की पुस्तक, लेखक, पान, सगळं धडाधड बाहेर!

“मी ग्रंथांकडे जात नाही, बाळांनो. ग्रंथ माझ्याकडे येतात.”

वाचायची कटकटच संपली म्हटल्यावर पोरं भारावणारच.

त्याच कॉलेजातल्या बारकीचा विषय होता जुलाब झालेल्या बाळाला द्यायचं साखर-मिठाचं पाणी. बाबांनी प्रमाणासकट चार संदर्भ दिले. मॅडमनी ते फक्त मोजले आणि सही ठोकली. गेल्या वर्षीच्या प्रकल्पांतही हेच होते, म्हणजे खरेच असणार! आता बारकीचं पत्रक छापून दवाखान्यात येणाऱ्या बाळांच्या आयांना वाटणार होते. बारकी नुसती हवेत तरंगत होती.

घरी ताईने लेकराला कडेवर घेऊन मसुदा वाचला. “लिटरभर पाण्यात सहा चमचे मीठ, अर्धा चमचा साखर? अगं, बाळाला पाजायचंय की खारवायचंय?”

“चार पुस्तकांत आहे, ताई.”

“त्यातलं एक तरी उघडलंस?”

बारकीने त्याच प्रमाणाने पाणी कालवलं, घोट घेतला आणि बेसिनकडे धावली. हे कुणी खरंच बाळाला पाजलं असतं तर?

सकाळी तिने आधी छपाई थांबवली आणि लायब्ररी गाठली. तीन पुस्तकं कुठल्याच सूचीत नव्हती. चौथं म्हणजे एक जुना प्रकल्प निघाला, त्यात साखर-मिठाचे आकडे उलटे पडलेले. आरोग्य खात्याच्या पुस्तिकेत आणि बालरोगाच्या पाठ्यपुस्तकात मात्र एकच प्रमाण होतं: लिटरभर पाण्याला साखर चहाचे सपाट सहा चमचे, मीठ अर्धा. बारकीला बाबांचा राग आलाच, पण स्वतःचा जास्त आला.

कालवलेल्या पाण्याची बाटली घेऊन ती तडक दुकानात शिरली. “बाबा, नवा विषय. पाण्याखाली राहणाऱ्या मांजरांची दाढदुखी.”

बाबांनी तळवा ठेवला. “जलमार्जार-दंतविचार. खंड दुसरा, पान दोनशे बारा.”

दुकानभर हशा पिकला.

“आता तुमच्याच प्रमाणाचं हे पाणी. घ्या एक घोट.”

सगळे बघताहेत म्हटल्यावर बाबांचा नाइलाज झाला. त्यांनी घोट घेतला आणि मशीनवरच फवारा उडवला. “माझं मशीन!” म्हणत दुकानदार फडकं आणायला मागे धावला आणि पडदा सरकला. मागे जुन्या प्रकल्पांच्या जादा प्रतींची थप्पी! बाबा त्यातलंच पाठ करायचे, सापडलं नाही तर थाप मारायचे. ती थाप नव्या प्रकल्पात जायची, त्याची प्रत पुन्हा थप्पीवर यायची आणि पुढच्या वर्षी पुरावा ठरायची. दहा जणांनी एकमेकांचं उतरवलं, मूळ कुणीच पाहिलं नाही.

“पण सगळं तपासायला वेळ कुठाय?” एकजण कुरकुरला.

“सगळं नको,” बारकी म्हणाली. “कुणी लिहिलंय, कशाच्या आधारावर, आणि दुसरा जाणकार तेच सांगतो का, एवढं तरी बघ. तेवढाही वेळ नसेल तर संदर्भ देऊ नकोस. आपण लिहिलेलं कुणाची तरी आई खरं मानून चमच्याने बाळाच्या तोंडात घालते.”

कुरकुरणाऱ्याने आपली संदर्भांची यादी उचलली आणि लायब्ररीची वाट धरली. बाबा एकटेच खाकरत होते.