टेबलावर न ठेवलेली कात्री

मित्रांनो, मी एक जुनी शिंप्याची कात्री आहे. यशवंतपूरच्या बाजारामागे गुंडूरावांचं शिलाईचं दुकान आहे, तिथे माझं आयुष्य गेलं. माझी मूठ पितळेची, पाती पोलादाची आणि स्वभाव, खरं सांगायचं तर, जरा तिखटच. कागद कापायला घेतलं की माझं डोकं फिरतं. कागदाने धार मरते, हे एवढं साधं लोकांना का कळत नाही कोण जाणे!

मी जन्माने कात्री नव्हे. पूर्वी मी एका लॉरीच्या चाकांवरचा, धक्के झेलणारा पोलादी पाटा होते. खड्ड्यांतून आदळत, ओझं सोसत पुष्कळ फिरले. लॉरी भंगारात गेली, तेव्हा कारागिरांनी मला तापवलं, ठोकलं, घासलं आणि माझी कात्री केली. दुखलं खूप. पण पहिल्यांदा कापड कापलं आणि वाटलं, हेच आपलं काम. ‘लॉरीत काय वाईट होतं?’ असं मला कोणीच विचारलं नाही. गुंडूरावांच्या लेकीला, वाणीला, मात्र तो प्रश्न चुकला नाही.

ती त्यांची एकुलती एक. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला, मोठ्या ऑफिसात नोकरीला होती. गळ्यात ओळखपत्र, न्यायला-आणायला गाडी. गुंडूराव गिऱ्हाइकाचं माप घेता घेता तिचं कौतुक सांगत. पण एके दिवशी ती दुकानात येऊन म्हणाली, “अण्णा, मी काम सोडलं. दिवसभर राबते, पण संध्याकाळी हाताला काही लागत नाही. मला तुमच्याकडून कटिंग शिकायचंय.”

गुंडूरावांचा चेहरा उतरला. “वेड लागलं काय गं? इथं मशीन मारत पाय मोडून घ्यायला शिकवलं तुला?”

“पाय मोडले तर मोडले. शिकवा.”

आमच्या धंद्यात एक रीत आहे, मित्रांनो. कात्री या हातातून त्या हातात द्यायची नाही, भांडण होतं म्हणतात. ती टेबलावर ठेवायची, मूठ समोरच्याकडे करून. उस्तादाने अशी कात्री ठेवली आणि शिकणाऱ्याने उचलली की तो कापणारा झाला. तोवर त्याने काज, बटण, तुरपाई आणि इस्त्री करायची. गुंडूरावांनी वाणीला तेवढंच दिलं. कंटाळून परत जाईल, असा त्यांचा हिशेब होता.

ती कंटाळली नाही. बोटांना सुया टोचल्या, मान धरली, तरी दुपारचा डबा खाऊन पुन्हा बसायची. कोणी विचारलं तर गुंडूराव पटकन सांगत, “रजेवर आलीये हो.” ती मान खाली घालून तुरपाई करत राही. मला तेव्हा त्यांचा फार राग येई. पण ती डबा धुवायला मागे गेली की ते तिची तुरपाई उलटून बघत आणि टाक्यांवरून हळूच अंगठा फिरवत. हे मी पाहिलंय. तिने कधीच पाहिलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, मला धुऊनपुसून कुंकू लावतात, शेवंतीची फुलं वाहतात. त्या वर्षी पूजा झाल्यावर गुंडूरावांनी मला उचललं आणि टेबलावर ठेवलं. मूठ वाणीकडे होती. फक्त त्यांचा हात अजून माझ्यावर होता. वाणीने हात पुढे केला.

तेवढ्यात प्रसादाला आलेले शेजारचे भीमाचार्य दारातून म्हणाले, “काय गुंडूराव, मुलगी अजून इथंच? नोकरी गेली काय?”

“छे हो! रजा आहे,” म्हणत गुंडूरावांनी मला उचलून खणात टाकलं. मग तिच्याकडे न बघता पुटपुटले, “पुढच्या वर्षी बघू. स्वल्प थांब, जरासं.”

“सरी, अण्णा. थांबते,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पुढचं वर्ष आलंच नाही म्हणायचं. थंडीत एका सकाळी माझ्यासकट गुंडूरावांचा उजवा हात टेबलावर पडला. अर्धांगाचा झटका होता. हॉस्पिटलातून परत आले तेव्हा तो हात मांडीवर नुसता पडून होता आणि शब्द तोंडातच अडखळत होते. लोकांना वाटलं, आता दुकान बंद.

पण खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी डावा हात खणात घातला. मी जड, तो हात नवखा. धडपडत त्यांनी मला टेबलावर आणलं आणि बोटांनी ढकलत माझी मूठ वाणीकडे फिरवली. या वेळी त्यांनी हात काढून घेतला. वाणीने मला उचललं.

आता ती कापते. सरळ रेघ तिची सुरेख जाते. पण कोटाचा मुंढा, म्हणजे बाही जिथे बसते ते वळण, गुंडूराव खडूची खूण न करता नजरेने कापत. ते वळण त्यांनी तिला दाखवलंच नव्हतं. माझ्या पात्यांना ते पाठ आहे, पण मला तिच्याशी बोलता येत नाही आणि आता त्यांनाही. ती कापड चुकीचं वळवते, ते डाव्या हाताने टेबल थापटतात, काहीतरी सांगू बघतात. नुसता आवाज निघतो. तिने मुंढे किती बिघडवले, मी मोजत नाही.

काल असेच ते सांगायला धडपडत होते. घामाघूम झाले. वाणीने मला खाली ठेवलं, त्यांचं तोंड पुसलं आणि मायेने म्हणाली, “अण्णा, घाई नको. स्वल्प थांबा.”

तिच्या मनात काही नव्हतं. पण आपलेच शब्द परत ऐकून गुंडूराव हुंदके देऊन रडले.

मित्रांनो, मला गंजू देऊ नका, माझ्याने कागद कापू नका, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठी विनवणी ही आहे. तुमच्या हातात एखादी विद्या असेल आणि ती मागायला कोणी दारात उभं असेल, तर लोक काय म्हणतील ते बघत बसू नका. कात्री टेबलावर ठेवा आणि हात काढून घ्या.