काशीची जीभ

काशीबाई मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही आणि आजही आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणी उगाच डोळे पुसायला नको.

पेणला वत्सलाबाईंच्या घरी आम्ही दोघी पोह्यांचे पापड करायला जायचो. मागच्या पडवीत चौदा बायका, माघापासून वैशाखापर्यंत, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. पोह्यांच्या पिठात तिखट आणि हिंग घालायचं, मीठ आणि पापडखार घालून उकळलेल्या पाण्यात ते भिजवायचं, तेलाचा हात लावून कुटायचं, लाट्या पाडायच्या आणि लाटायला बसायचं. कच्ची लाटी तेल लावून तोंडात टाकली की हात थांबत नाही, हे पेणच्या कुणालाही विचारा. म्हणून वत्सलाबाईंचा कडक नियम होता, की लाटी कुणाच्या तोंडात जाता कामा नये. चौदा तोंडं चालू झाली तर लाटायला उरणार काय? अपवाद फक्त माझा. पीठ मी भिजवायची आणि चाखायचीही मीच. मी मान डोलावली की परात पुढे जायची. अठरा वर्षं ती जागा माझी होती, आणि त्या पडवीत माझा जो काही रुबाब होता तो त्यावरच होता.

काशीला ती जागा हवी होती. तिने ते लपवलंही नाही. "शकूबाईचं झालं की मीच," असं ती सगळ्यांसमोर म्हणायची, जसं काही मी उद्याच मरणार होते. शिवाय ती लाट्या चोरायची. पदराआडून हात यायचा आणि लाटी गायब. मी रोज ओरडायची, ती रोज शपथा घ्यायची.

पंच्याण्णव सालच्या डिसेंबरात माझ्या छातीत गाठ निघाली. मुंबईला जाऊन ती काढली. बायकांना सांगितलं, अपेंडिक्स. डॉक्टर म्हणाले, आता दर एकवीस दिवसांनी औषध चढवायचं, सहा वेळा. केस जातील, उलट्या होतील, तोंड येईल. माझा नवरा जगन मिठागरावर काम करतो. त्याने एकच प्रश्न विचारला, "मग बरी व्हईल ना?" डॉक्टरांनी "बघू" म्हटलं. मला त्या "बघू"चा इतका राग आला की परत येताना मी जगनशीच भांडले.

कामावर सांगायचा प्रश्नच नव्हता. त्याच्या दोन वर्षं आधी आमच्यातल्याच जनीच्या मनगटावर पांढरा डाग दिसला होता, रुपयाएवढा. वत्सलाबाई तिच्याशी फार गोड बोलल्या, लुगडं दिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून जनी घरी. खाण्याच्या वस्तूला हात लागतो, लोक काय म्हणतील? जनी नंतर बाजारात भेटली की मान खाली घालून जायची. मला तशी मान घालायची नव्हती.

म्हणून मी रोहा गाठलं. औषध घेऊन मुंबईहून थेट तिकडे जायचं आणि चार दिवस माझ्या भावाकडे पडून राहायचं. भाऊ नाथा रोह्याला लागूनच वरश्याला राहतो. तो बिचारा कंपनीत शिफ्टला जायचा, म्हणजे मी आणि त्याची बायको अनिता दिवसभर समोरासमोर. त्या लाल औषधाने लघवीसुद्धा लाल व्हायची. तोंडात आतून फोड आले होते, पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. आणि अनिता? तिने माझ्या ताटवाटीला खालून लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला होता. मी विचारलं तर म्हणाली, "तुमचं तुम्हाला वेगळं असलेलं बरं ना, आक्का." दुपारी ती बोंबील भाजायला घ्यायची. मी म्हटलं, बाई गो, तो वास नाही सहन होत, तर म्हणते, "आमी काय उपाशी राहायचं काय?" मी परसात चिंचेखाली जाऊन बसायची, बादली पुढ्यात घेऊन. शेजारीण कुंपणावरून बघायची आणि अनिता तिला खुणेने सांगायची. तिच्या त्या हळू आवाजातल्या "बिच्चाऱ्या" शब्दाचा मला उलटीपेक्षा जास्त त्रास व्हायचा.

त्या चार दिवसांत मी माझी माझी शिकत गेले. सोड्याच्या पाण्याने दर दोन तासांनी चूळ भरायची. थंड झालेली पातळ पेज चमच्याने घ्यायची, गरम काहीच नाही. बर्फाचा खडा फोडांवर धरायचा. नखं काळी पडली तेव्हा मेंदी लावून टाकली. भुवया गेल्या तर काजळाच्या पेन्सिलीने काढल्या. केसांचं तर फारच सोपं झालं. पापडात केस पडू नये म्हणून वत्सलाबाईंकडे सगळ्याच जणी डोक्याला फडकं बांधायच्या. मी फडक्याला आतून गंगावन शिवलं आणि वेणी पाठीवर सोडली. पाचव्या दिवशी पेणला पडवीत हजर. कुणी विचारलं तर म्हणायची, भावाकडे गेले होते.

एकच गोष्ट लपवता येईना. माझी चव गेली होती.

कमी झाली असती तर चालवून घेतलं असतं. पण काहीही तोंडात घातलं की पितळ चघळल्यासारखं लागायचं. मीठ, खार, हिंग, सगळं पितळ. पहिल्या दिवशी लाटी तोंडात टाकली आणि मला घाम फुटला. तरी मी मान डोलावली, परात पुढे गेली. पापड बरे निघाले. हात अठरा वर्षांचा होता, त्याने सांभाळून घेतलं. पण हाताने किती दिवस सांभाळणार? त्यात डोकंही सुन्न असायचं. चूल पेटवून कशाला पेटवली ते विसरायची.

मग काशीच माझ्या कामी आली. एके दिवशी माझ्या डोळ्यांदेखत तिने लाटी उचलली आणि मी ओरडणार, तेवढ्यात थांबले. तिने खाल्ली, आणि लगेच दुसरी उचलली. मी मनात म्हटलं, म्हणजे मीठ बरोबर आहे.

त्या दिवसापासून माझं ठरून गेलं. पीठ भिजवलं की परातीच्या कडेला चार लाट्या करून ठेवायच्या, हिंगाचा डबा शोधायचं नाटक करायचं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून काशीकडे बघायचं. पहिली लाटी ती सवयीने उचलायची. चव जमली असेल तर दुसरी उचलायचीच. मीठ कमी असेल तर एकीवर थांबायची. जास्त झालं असेल तर तांब्याकडे हात जायचा. मी त्याप्रमाणे मिठाचं पाणी वाढवायची, नाहीतर कोरडं पीठ घालायची. एक चूक झाली नाही. दीड महिना मी माझी जागा त्या चोरटीच्या तोंडावर राखली. आभार वगैरे मानायचं माझ्या मनातही आलं नाही, उलट मला तिचा जास्तच राग यायचा, की हिच्या थोबाडाकडे बघायची वेळ माझ्यावर आली.

ती मात्र मूर्ख नव्हती. एकदा म्हणाली, "काय गो शकू, हल्ली वरडत नायस?"

मी म्हटलं, "दमले तुझ्यापुढे."

"व्हय?" म्हणाली, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

चौथ्या औषधानंतर रोह्याहून आले ती नुसती ओढत आले. पायाच्या बोटांना मुंग्या, पायरी चढताना भिंत धरायची. त्या दिवशी पीठ भिजवलं, चार लाट्या ठेवल्या, वळले. काशीने एक खाल्ली. दुसरी खाल्ली. मग तिसरीही खाल्ली आणि बोटं चाटली. मला फार बरं वाटलं. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पापड वाळले. संध्याकाळी वत्सलाबाईंनी नमुना म्हणून एक तळला. तो फुललाच नाही. कढईत पुठ्ठ्यासारखा पडून राहिला. त्यांनी तुकडा तोंडात टाकला, दुसरा तळला, तिसरा तळला. मग माझ्याकडे बघितलं. ना मीठ, ना खार. मी साध्या पाण्यात पीठ भिजवलं होतं.

आणि काशीने त्या सपक पिठाच्या तीन लाट्या बोटं चाटत खाल्ल्या होत्या.

मला सगळं तिथल्या तिथे समजलं. माझं चाललेलं तिला कळलं होतं. का ते कळलं नव्हतं, पण मी तिच्या तोंडाकडे बघते आणि माझी जीभ मेली आहे, एवढं तिला पुरलं. तिने मला पाडायला लाट्या खाल्ल्या. खरं सांगते, तेव्हा हातात लाटणं होतं, ते मी तिच्या डोक्यात घातलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वत्सलाबाईंनी स्वतः परात पुढे ओढली. सगळ्या बायका जमल्या होत्या. "आज पाणी मी घातलंय," त्या म्हणाल्या. "तू मळ आणि चाख, शकू. काय कमी आहे सांग."

मी मळलं. लाटी करून चाखली. पितळ. काशीकडे बघितलं, तर ती छताकडे बघत होती.

"ठीक आहे," मी म्हटलं.

"यात मी मीठ घातलेलंच नाही."

कुणीतरी हसलं. काशी म्हणाली, "मी सांगत व्हती ना? जीभ गेलीय हिची. दीड म्हयना माज्यावर दिवस काढतेय. आता जागा मला द्या."

तोपर्यंत मी सगळं गिळलं होतं, पण काशीने जिंकल्यासारखा तोंडावरून पदर फिरवला आणि मला राहवलं नाही. मी फडक्याची गाठ सोडली. फडकं आणि वेणी एकत्रच खाली पडली. सोललेल्या काकडीसारखं माझं डोकं सगळ्यांनी बघितलं. "गेलीय जीभ," मी म्हटलं. "कॅन्सर झालाय मला. केस गेले, नखं गेली, जीभ गेली. अजून काय बघायचंय?"

बायका रडायला लागल्या. अनितासारख्याच, हळू आवाजात. वत्सलाबाईंचेही डोळे भरले. खरंच भरले, खोटं नाही सांगत. "अगं, आधी का नाही सांगितलंस?" त्या म्हणाल्या. "जा, घरी जा, विश्रांती घे. तुझ्या तब्येतीपुढे पापड कसले?" आणि मग शेजारी उभ्या बाईकडे वळून, आवाज खाली आणून, "ते पीठ बाहेर नेऊन टाका. हात लावलाय तिने."

बारा बायका माझ्यापासून वीतभर मागे सरकल्या. मी उभी होते तिथेच उभी राहिले. जनीला हेच वाटलं असेल, एवढंच डोक्यात आलं.

काशी उठली. परातीपाशी आली. जिथे माझ्या बोटांचे ठसे उमटले होते तिथूनच तिने पिठाचा लचका तोडला आणि तोंडात घातला. चावला, गिळला.

"काशी, अगं!" वत्सलाबाई ओरडल्या.

"काय अगं? दीड म्हयना हिच्याच हातचं चोरून खातेय मी. लागायचा तर लागला असता रोग." तिने तोंड पुसलं. "जागा मी घेनार. चाखनार मी. पन पीठ हीच मळनार. हिच्यावानी मळायला मला नाय जमत, आनि ह्या रडनाऱ्यांना तर सात जन्मात जमनार नाय."

"लोकांना कळलं तर?"

"कोन सांगनार?" काशीने बायकांकडे बघितलं.

वत्सलाबाई हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. डोळे पुसत आत निघून गेल्या. बायका एकेक करून आपापल्या पाटावर बसल्या. काशी माझ्या जागेवर बसली, मांडी घालून, अगदी ऐसपैस. अठरा वर्षांची जागा होती ती.

"फडकं बांध आधी," ती म्हणाली. "बघवत नाय. आनि मीठ घाल."

"तुझं पाप फेडून मग मला मीठ सांग," मी म्हटलं. "परवा तीन लाट्या कुणी खाल्ल्या?"

"मीच खाल्ल्या. ओकारी येत व्हती, तरी खाल्ल्या. परत येळ आली तर परत खाईन."

मी फडकं बांधलं. मिठा-खाराचं पाणी चुलीवरून उतरवलं. ती आज खरं सांगणार की खोटं, हे तिच्या तोंडावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"किती?" मी विचारलं. हा शब्द तिच्यापुढे काढताना तोंडातल्या फोडांपेक्षा जास्त दुखलं.

"ओत. मी थांब म्हनंन तवा थांब."

"खरं सांगशील कशावरून?"

"तुला कुठं कळनार हाय?" काशी म्हणाली.

मी ओतायला लागले.